आधी गळती थांबवा, मग सोलर बसवा : कोल्हापूरचे कारखाने, दुकानं आणि सोसायट्यांसाठी धागा

ऊर्जा_ताराबाईपार्क

नमस्कार मंडळी. मी एनर्जी ऑडिटचं काम करते, म्हणजे वीज-इंधन कुठे किती जातं ते मोजते. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कागलची पंचतारांकित वसाहत, शिवाय शहरातले दवाखाने, दुकानं आणि सोसायट्या हे माझं नेहमीचं फिरणं. हल्ली येणारा बहुतेक प्रत्येक फोन एकाच प्रश्नाने सुरू होतो : "मॅडम, आमच्या छतावर किती किलोवॉट बसेल?"

सोलर बसवाच. मी त्याच्या बाजूचीच आहे. पण वाया जाणाऱ्या विजेसाठी पॅनल विकत घेऊ नका एवढंच कळकळीने सांगायचं आहे. शंभर युनिट लागतात असं समजून पॅनल घेतली आणि त्यातली पंचवीस युनिटं फुटक्या एअर लाइनमधून आणि तापलेल्या पत्र्यामुळे जात असतील, तर तुम्ही गळतीसाठीच भांडवल घातलंत. आधी मोजा, गळती बंद करा, उरलेल्या गरजेचं सोलर घ्या. क्रम उलटा झाला की पैसे दोनदा जातात.

सुरुवात वीजबिलापासून करा. बहुतेक मालक फक्त खालची रक्कम बघतात. वरचे चार आकडे वाचा : मंजूर भार, त्या महिन्याची कमाल मागणी, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती कामी आली त्याचं प्रमाण) आणि टीओडीचे, म्हणजे दिवसातल्या वेळेप्रमाणे मोजलेले, तासवार युनिट. मोठ्या ग्राहकांना महावितरण आता केव्हीएएचवर, म्हणजे कामी न आलेली वीजही धरून, आकारणी करतं. म्हणजे पॉवर फॅक्टर 0.85 असेल तर प्रत्यक्षात वापरलेल्या 100 युनिटांचे बिलावर जवळजवळ 118 होतात. पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक जळून वर्ष झालं आणि कुणाला पत्ताच नाही, हे मी वरचेवर बघते.

दुसरी गोष्ट छप्पर. कोल्हापूर साधारण 16.7 अंश अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर. उन्हाळ्यातला सगळ्यात जास्त मारा भिंतींवर नसतो, छपरावर असतो. एमआयडीसीतल्या शेडचा उघडा पत्रा दुपारी खालच्या माणसावर शेगडीसारखा तापतो. मग पेडेस्टल फॅन वाढतात, ऑफिसच्या केबिनचा एसी तीनपासून थांबत नाही आणि कामगाराच्या हातून चुका वाढतात त्या वेगळ्याच.

कुणाचा कारखाना, दुकान, हॉटेल, सोसायटी असेल त्यांनी आपापली अडचण इथे मांडा. जमेल तेवढी उत्तरं देते. इतर जाणकारांनीही लिहावं.

---

शिरोलीचा_मुकादम

मॅडम, छपराचं बरोबर हाय, पण आमची फौंड्री हाय, लोखंड वितळवून ओतायचा कारखाना. बिलातला निम्म्याहून जास्त पैसा भट्टी खाती. तिथं पत्रा पांढरा करून काय फरक पडणार? इंडक्शन फर्नेस नवीन घ्यायची तर कोटीची भाषा. ज्याला महिन्याच्या शेवटी पगार भागवायचाय त्यानं कुठनं आणायचं? खर्च न करता काय असंल तर सांगा.

---

ऊर्जा_ताराबाईपार्क

मुकादम, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. फौंड्रीत आधी भट्टीच. आणि खर्च न करता करण्यासारखं तिथेच सगळ्यात जास्त आहे.

झाकण. साधारण 1450 ते 1500 अंशांचा रस उघडा ठेवला की उष्णता वरून किरणांनी निघून जाते. झाकण असतं, पण चार्ज टाकायला अडचण होते म्हणून ते भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं. चार्जिंगची बादली आणि झाकणाची कडी अशी बसवा की उघडझाप एका माणसाला जमेल.

रनर-रायझर, म्हणजे साच्यात रस नेणाऱ्या वाटांमध्ये गोठलेला जादा धातू. तो परत वितळायला टाकता त्यावर चिकटलेली वाळूही तुम्ही वितळवता. तिचा स्लॅग (मळी) होतो आणि त्याला लागलेली वीज बिलात येते. परतीचा माल टंबल करून किंवा शॉटब्लास्टमधून काढूनच टाका. गंजलेल्या, तेलकट स्क्रॅपचंही तेच.

थांबणं. हीट (भट्टीचा एक भरणा) तयार आहे, पण मोल्ड (साचे) तयार नाहीत, नाहीतर स्पेक्ट्रोचा (धातूच्या तपासणीचा) रिपोर्ट यायचाय, नाहीतर क्रेन दुसरीकडे गुंतली आहे. तेवढा वेळ भट्टी नुसती रस गरम ठेवण्यासाठी वीज घेते. एक आठवडा प्रत्येक हीटला "रस तयार" आणि "टॅपिंग (रस ओतणं) सुरू" अशा दोन वेळा पाटीवर लिहा. त्यावरून मोल्डिंग आणि मेल्टिंगचं वेळापत्रक जुळवता येतं.

आणि यील्ड, म्हणजे वितळवलेल्या धातूतून चांगलं कास्टिंग (ओतलेला भाग) किती टक्के निघालं ते. याकडे वीजबचत म्हणून कुणी बघत नाही. समजा तुमचा यील्ड 55 टक्के आहे. एक टन चांगल्या कास्टिंगसाठी तुम्ही 1.82 टन वितळवता. यील्ड 60 झाला तर 1.67 टन पुरतात. टनाला 600 युनिट धरले तर प्रत्येक चांगल्या टनामागे सुमारे 90 युनिट वाचले. गेटिंगचं (साच्यात रस नेणाऱ्या वाटांचं) डिझाइन सुधारणं हा पॅटर्न शॉपचा विषय मानला जातो, पण माझ्या हिशोबात तो विजेचाच विषय आहे. रिजेक्शनचंही तसंच. फुटलेल्या कास्टिंगची वीज परत मिळत नाही.

फौंड्रीसाठी कोल्हापूर हे काही दुर्लक्षित ठिकाण नाही. जागतिक बँक आणि बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) लघुउद्योग ऊर्जा कार्यक्षमता प्रकल्पात जे पाच क्लस्टर (उद्योगसमूह) निवडले होते त्यात पुण्याचं फोर्जिंग होतं आणि कोल्हापूरची फौंड्री होती. पुढे मोठा खर्च करायचाच झाला तर 2025 मध्ये सुरू झालेली बीईईची 'अदिती' योजना बघा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात 5 टक्के, मध्यम उद्योगांना 3 टक्के सवलत आहे. फौंड्री त्या यादीत आहे. बचत किमान 10 टक्के होणार हे दाखवावं लागतं, म्हणजे मोजमाप आधी हवंच.

---

शिरोलीचा_मुकादम

यील्डचा हिशोब आवडला. असा कुणी मांडून दाखवला नव्हता. कंप्रेसरबद्दल पण सांगा, आमच्याकडं दिवसरात्र चालूच असतोय.

---

ऊर्जा_ताराबाईपार्क

कंप्रेसरची चाचणी अगदी सोपी आहे. सुट्टीच्या दिवशी किंवा शिफ्ट संपल्यावर हवा वापरणारी सगळी अवजारं बंद ठेवा आणि कंप्रेसर सुरू करा. कुणीच हवा वापरत नसताना तो जेवढा वेळ लोडवर जातो, म्हणजे हवा भरतो, तेवढी गळती. बाकीचा वेळ तो अनलोड, म्हणजे नुसता फिरतो. मोबाइलच्या घड्याळावर लोडचा आणि अनलोडचा वेळ चार-पाच फेऱ्या मोजा. लोडचा वेळ भागिले दोन्ही वेळांची बेरीज, गुणिले शंभर. लोड दीड मिनिट, अनलोड साडेचार मिनिटं असेल तर गळती 25 टक्के. दहाच्या आत असेल तर तुमचा मेंटेनन्सवाला चांगला आहे, त्याला बक्षीस द्या.

7 बारच्या लाइनला 3 मिलिमीटरचं एक भोक असेल तर तीन-चार किलोवॉट तिथे जातात. तीनच धरा. दिवसाला 10 तास, महिन्याला 25 दिवस म्हणजे 750 युनिट. 9 रुपये दराने पावणेसात हजार रुपये, एका भोकाचे. तुमचा दर बिलावरून टाकून बघा. कपलिंग, एफआरएलचा (हवेच्या फिल्टर-रेग्युलेटरचा) बाउल, जुना होज, ड्रेन कॉक या जागा आधी तपासा. साबणाचं पाणी आणि ब्रश एवढंच लागतं.

आणि दाब. अवजाराला 5.5 बार पुरत असताना कंप्रेसर 8 वर सेट केलेला असतो. एक बार खाली आणला की 6-7 टक्के वीज कमी लागते. हवेने कपडे झाडणं, जमीन झाडणं पूर्ण बंद करा. ते तब्येतीलाही धोक्याचं आहे.

---

राजारामपुरी_शोरूम

आमचं कपड्यांचं शोरूम आहे, तोंड पश्चिमेला, दर्शनी बाजू सगळी काचेची. दुपारी तीननंतर पुढच्या भागात गिऱ्हाईक थांबत नाही. तीन एसी आहेत, चौथा लावायचा विचार चाललाय. आतून जाड पडदे लावून बघितले, फारसा उपयोग झाला नाही.

---

आर्किटेक्ट_नागाळा

चौथा एसी घेऊ नका. आधी काचेवर पडणारं ऊन काचेच्या बाहेर अडवा.

पडद्याचा उपयोग का झाला नाही ते सांगतो. ऊन काचेतून आत आलं, पडदा तापला, आणि ती उष्णता आता काच आणि पडद्याच्या मधे अडकून हळूहळू दुकानातच येते. ऊन एकदा आत आलं की त्याला बाहेर काढायला एसीच लागतो. पश्चिमेचं ऊन तिरकं येतं, त्यामुळे वर नुसता आडवा छज्जा काढूनही पूर्ण भागत नाही. उभ्या फळ्या, जाळी, वर गुंडाळता येणारी कनात असं काहीतरी हवं. महाद्वार रोडवर आणि जुन्या पेठांत दुकानांपुढे दुपारी कनाती उतरवायची पद्धत होती आणि अजूनही काही ठिकाणी आहे, ती विचार करूनच पडलेली आहे. डिस्प्ले दिसला पाहिजे हे मान्य, म्हणून ती साडेपाचनंतर वर घेता येईल अशी करा. गिऱ्हाइकाची गर्दी तशीही संध्याकाळचीच.

हे शक्यच नसेल तर चांगल्या प्रतीची सोलर कंट्रोल फिल्म. घेताना एसएचजीसी (उन्हाची किती उष्णता आत येते) हा आकडा विचारा. जेवढा कमी तेवढी उष्णता कमी आत येते. नुसती काळी फिल्म घेऊ नका, ती स्वतः तापते आणि दुकान अंधारं करते, मग दिवे वाढतात.

एसीचं सेटिंग किती आहे? बीईईच्या म्हणण्याप्रमाणे एक अंश वाढवला की साधारण 6 टक्के वीज वाचते. 2020 पासून स्टार लेबलचे एसी 24 अंशांच्या डिफॉल्टवरच येतात, पण दुकानात रिमोट 18 वर नेलेला असतो. 26 ठेवा आणि छताचे पंखे चालू ठेवा. आणि दरवाजा! एसी लावून शटरभर उघडा दरवाजा ठेवणारी दुकानं राजारामपुरीत एका ओळीत दाखवता येतील.

---

राजारामपुरी_शोरूम

सेटिंग 20 आहे, दरवाजा उघडाच असतो. बंद दरवाजा दिसला की गिऱ्हाईक आत येत नाही असा आमचा अनुभव. कनातीची कल्पना पटली. फॅब्रिकेटरला उद्या बोलावतो.

---

आर्किटेक्ट_नागाळा

दरवाजा बंद नको असेल तर निदान एअर कर्टन (दारावर हवेचा पडदा सोडणारा पंखा) लावा. आणि दुकानातले स्पॉट लाइट मोजा. जुने हॅलोजन असतील तर ते 50 वॉटचे आहेत आणि जवळजवळ सगळी वीज उष्णता म्हणून सोडतात. ती उष्णता परत एसी काढतो. एलईडी लावले की दोन्हीकडचं बिल कमी होतं.

---

उद्यमनगर_लेथ

शिवाजी उद्यमनगरात छोटं जॉबवर्कचं शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल. मोटारी जुन्या, काही तीन-चार वेळा रिवाइंड केलेल्या (आतल्या तारा नव्याने गुंडाळलेल्या). आमच्यासारख्या लहान माणसाला ऑडिट परवडतं का? आणि गाळा भाड्याचा आहे. छपराला रंग मी मारायचा आणि फायदा मालकाला?

---

ऊर्जा_ताराबाईपार्क

तुमच्या आकाराला ऑडिटची फी देऊ नका, गरज नाही. किलोवॉट दाखवणारा एक क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून मोजायचं यंत्र) विकत घ्या, किंवा शेजारच्या चार शॉपनी मिळून एक घ्या.

मोटारीचा हिशोब मांडते, कारण उद्यमनगरात हाच प्रश्न सगळ्यांचा आहे. 10 एचपी म्हणजे साडेसात किलोवॉट. कार्यक्षमता 88 टक्के असेल तर पूर्ण भारावर ती साडेआठ किलोवॉट ओढते. वर्षाला 3000 तास चालली तर साडेपंचवीस हजार युनिट, 9 रुपये दराने सव्वादोन लाखांच्या वर. नवी आयई3 (जास्त कार्यक्षम वर्गाची) मोटार एका वर्षाच्या विजेच्या किमतीच्या मानाने फार स्वस्त पडते. म्हणून जास्त तास चालणारी मोटार जळाली की पाचव्यांदा रिवाइंड न करता बदला. दिवसातून तासभर चालणारी ड्रिलची मोटार मात्र आहे तशी राहू द्या, तिथे पैसे अडकवू नका. चांगलं रिवाइंडिंग करणारे लोक आपल्याकडे आहेत. घाईत कोर जाळून तारा काढतात तिथे नुकसान होतं.

लेथवर जॉब बदलताना, सेटिंग चालू असताना मोटार रिकामी फिरत असते. क्लॅम्प मीटर लावून रिकामी आणि कामावरची अशा दोन्ही वेळचं किलोवॉटचं वाचन बघा, फरक वाटतो त्यापेक्षा कमी निघतो. म्हणजे रिकामी मोटारही बरंच खाते.

भाड्याच्या जागेचा प्रश्न खरा आहे आणि त्याचं तांत्रिक उत्तर नाही, ते करारातच सोडवावं लागतं. मी भाडेकरूंना सांगते की जे उचलून नेता येतं ते तुमच्या पैशाने करा : पंखे, दिवे, कपॅसिटर, मोटारी. जे इमारतीला चिकटतं ते मालकाशी बोलून करा.

पंख्याचंच घ्या. जुना पंखा 75 वॉट, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या नव्या मोटारीचा) 30च्या आसपास. 12 तास चालला तर महिन्याला 16 युनिट वाचतात, एका पंख्यामागे. जागा बदलली तर पंखा तुमच्याबरोबर येतो.

---

रंकाळा_खानावळ

आमचं जेवणाचं हॉटेल आहे. विजेपेक्षा गॅस जास्त लागतो. तांबडा-पांढऱ्यासाठी मटणाचं पातेलं पहाटेपासून चुलाणावर असतं. इथे काही करता येईल का, का हा विषय फक्त विजेचा आहे?

---

ऊर्जा_ताराबाईपार्क

विषय उर्जेचा आहे, गॅस त्यातच आला. पाण्याला एकदा उकळी आली की आच कितीही मोठी करा, त्याचं तापमान वाढत नाही. जास्तीचा गॅस फक्त वाफ करतो, आणि तुम्ही वरून पुन्हा पाणी ओतता. उकळी आली की आच बारीक, वर घट्ट झाकण. चवीला बाधा येत नाही. आळणीसाठी तर मंद आचच हवी असं जुने आचारी सांगतात. बर्नरची ज्योत पिवळी दिसत असेल तर जेट साफ करा. पातेल्याच्या बुडाबाहेर ज्योत जात असेल तर बर्नर त्या पातेल्याला मोठा आहे.

दुसरं, फ्रीज आणि डीप फ्रीझर चुलीच्या भिंतीला लागून असतात. त्यांची मागची कॉइल जी हवा घेते ती आधीच तापलेली असते. जागा हलवा, मागे वीतभर मोकळं सोडा, कॉइलवरची तेलकट धूळ महिन्यातून एकदा काढा. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा, कागद सहज निघाला तर रबर बदला.

भांडी धुवायच्या गरम पाण्यासाठी सोलर वॉटर हीटर लावला नसेल तर तो आधी लावा. फक्त पावसाळ्यात त्याचं इलेक्ट्रिक बॅकअप दिवसभर चालू राहतं, त्याला टायमर हवा.

---

सचिव_आरकेनगर

आमची सोसायटी, तीन मजली चार इमारती. सामायिक मीटरचं बिल वाढतंय. सर्वसाधारण सभेत सोलरचा ठराव आहे. सबसिडी किती मिळते? आणि काही सभासदांचं म्हणणं की गच्ची अडेल, पापड-कुरडया वाळवायला जागा राहणार नाही.

---

ऊर्जा_ताराबाईपार्क

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे पंप, लिफ्ट, जिना, गाडी चार्जिंग, किलोवॉटला 18,000 रुपये आहेत. वैयक्तिक घराला 1 किलोवॉटला 30,000, 2 ला 60,000 आणि 3 किंवा जास्त असेल तर 78,000 रुपये. एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज 4 युनिटं मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आभाळ फाटलेलं असतं तेव्हा ती खूप कमी होतात. विक्रेता उन्हाळ्याच्या आकड्यावर वर्षाचा हिशोब दाखवत असेल तर थांबा.

गच्ची अडू नये म्हणून आठ-नऊ फूट उंच सांगाडा करता येतो. खाली सावली मिळते, वरच्या मजल्याचा स्लॅब तापत नाही. खर्च वाढतो, आणि वाऱ्याचा भार धरून स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या. टाकीची सावली पॅनलवर पडत नाही ना, हे डिसेंबरमधल्या सकाळ-संध्याकाळच्या उन्हाचा विचार करून ठरवा.

पण ठरावाआधी सामायिक मीटरवर काय काय आहे त्याची यादी करा. जिन्यातल्या जुन्या ट्यूबा चोकसकट 50 वॉटपर्यंत घेतात, एलईडी 20 च्या आत. पंप कोणत्या वेळी चालतो, टाकी भरून वाहते का, फूट व्हॉल्व्ह (पाण्यात बुडालेल्या पाइपच्या टोकाची झडप) गळतो म्हणून रोज पंपात पाणी भरावं लागतं का? हे दुरुस्त झाल्यावर 10 किलोवॉट लागतील असं वाटणाऱ्या ठिकाणी 7 पुरतात.

---

पंचगंगा_काठ

एक गोष्ट कुणी बोललं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये शाहूपुरी, नागाळा पार्क भागात पाणी आलं तेव्हा तळमजल्यावरची मीटर पॅनल, पंप, इन्व्हर्टर सगळं पाण्यात गेलं. आता लोक सोलरचा इन्व्हर्टर पार्किंगच्या भिंतीवर, कमरेएवढ्या उंचीला लावताना दिसतात. पूररेषेच्या आसपास असाल तर इन्व्हर्टर गच्चीवर किंवा जिन्याच्या वरच्या टप्प्यावर घ्या. मीटर पॅनल वर घेण्यासाठी महावितरणकडे अर्ज करता येतो, पावसाळ्याआधी करा. जे उपकरण दर पुरात भंगारात जातं ते कितीही स्टार असलं तरी काटकसरीचं नाही.

---

आर्किटेक्ट_नागाळा

अगदी योग्य. याची नोंद नकाशावरच व्हायला हवी.

नवं बांधणाऱ्यांसाठी थोडं लिहितो. आपले जुने वाडे जाड दगडी भिंतींचे, मधे चौक, वर कौलं. आपल्याकडे उन्हाळ्यातही रात्र बऱ्यापैकी गार होते, म्हणून जाड भिंत दिवसाचं ऊन आत पोचू देत नाही आणि रात्री पुन्हा निवते. आता सहा इंची उघडा स्लॅब आणि चार-सहा इंची भिंत. निवासी इमारतींसाठी 2018 मध्ये इको निवास संहिता आली, 500 चौरस मीटर किंवा जास्त प्लॉटसाठी. त्यात छपराचा यू-व्हॅल्यू (उष्णता किती आरपार जाते तो आकडा) 1.2 पेक्षा जास्त नसावा असं म्हटलं होतं. उघड्या स्लॅबचा तो 3 च्या वर असतो. म्हणजे वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला अडीचपटीहून जास्त उष्णता. स्लॅबवर इन्सुलेशनचा थर, वर वॉटरप्रूफिंग आणि पांढरा चायना मोझेक, एवढं केलं तरी वरचा मजला राहण्यासारखा होतो.

100 किलोवॉट जोडभार किंवा 120 केव्हीए करार मागणी किंवा त्याहून जास्त असलेल्या व्यापारी इमारतींसाठी केंद्राचा ईसीबीसी (इमारतींचा ऊर्जाबचत कोड) काढलेला आहे. मूळ 2007 चा, सुधारित 2017 चा. राज्याच्या यूडीसीपीआर 2020 (बांधकाम नियमावली) मध्ये ग्रीन रेटिंग घेणाऱ्यांना रेटिंगप्रमाणे 3, 5, 7 टक्के जादा एफएसआय आहे. तो प्लॅन मंजुरीच्या वेळीच मागावा लागतो.

---

कसबा_बावडा_बिल्डिंग

एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे) वापरायला सांगतात सगळे. आम्ही वापरले आणि भिंतींना तडे गेले. लाल वीटच बरी असं माझं मत झालंय.

---

आर्किटेक्ट_नागाळा

तडे कुठे गेले? कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर असतील तर तिथे जाळी न लावता प्लास्टर केलंय. ब्लॉक उघड्यावर पावसात भिजले आणि तसेच लावले तर वाळताना आकसतात. पातळ थराचं ब्लॉक अॅडहेसिव्ह न वापरता जाड सिमेंटचा माल लावला तरी हेच होतं. उष्णता अडवण्यात एएसी विटेपेक्षा कितीतरी सरस आहे, पण गवंड्याला त्याची पद्धत शिकवावी लागते. तुमची नाराजी मी समजू शकतो. विक्रेता ब्लॉक टाकून जातो आणि काम शिकवायला कुणी येत नाही, हे चुकीचंच आहे.

---

गोशिमा_रस्ता

माझा मशीनिंगचा कारखाना, माल पुण्याच्या मोठ्या कंपनीला आणि थोडा युरोपला. यंदा दोन्हींकडून प्रश्नावली आलीय : किती वीज, किती कार्बन, कचऱ्याचं काय करता. हे भरलंच पाहिजे का?

---

ऊर्जा_ताराबाईपार्क

भरा, आणि खरं भरा. शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना सेबीने 2022-23 पासून बीआरएसआर (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा) अहवाल सक्तीचा केलाय. त्या आता पुरवठादारांकडे आकडे मागू लागल्या आहेत. युरोपचा सीबीएएम (आयात मालावरचा कार्बन आकार) 1 जानेवारी 2026 पासून पूर्ण लागू झाला, त्यात लोखंड-पोलाद आहे. तुमचा एचएस कोड (आयात-निर्यातीत मालाला दिलेला क्रमांक) यादीत आहे का ते सीएला किंवा कस्टम एजंटला विचारून घ्या. सगळेच सुटे भाग त्यात येत नाहीत.

आकडा काढणं अवघड नाही. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. महिन्याला 10,000 युनिट म्हणजे 7 टन. डिझेल जनरेटर, गॅस वेगळे मिळवा. बारा महिन्यांची बिलं एका फाइलमध्ये लावा, बाजूला त्या महिन्याचं उत्पादन लिहा. "नगामागे किती युनिट" हा आकडा एकदा हातात आला की ग्राहकालाही देता येतो आणि स्वतःलाही कळतं की कुठल्या महिन्यात काय बिघडलं.

---

शिरोलीचा_मुकादम

मॅडम, रविवारी कंप्रेसरची टेस्ट घेतली. लोड दोन मिनिटं, अनलोड तीन मिनिटं. म्हणजे चाळीस टक्के. पोरांना पटंना, परत घेतली, तेवढंच आलं. फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करायच्या) लाइनला सगळ्यात जास्त. जुनी जीआय पाइप जमिनीत गाडलीय, ती वर घ्यायची ठरवलंय.

---

ऊर्जा_ताराबाईपार्क

वर घ्या, आणि रिंगमध्ये फिरवा म्हणजे शेवटच्या पॉइंटला दाब पडणार नाही. प्रत्येक विभागाला वेगळा व्हॉल्व्ह ठेवा. फेटलिंग बंद असेल तेव्हा ती लाइन बंद करता आली पाहिजे. काम झालं की पुन्हा तीच चाचणी घेऊन आकडा इथे टाका.

---

गाळामालक_वायपीपोवारनगर

मी मालकांच्या बाजूने लिहितो. माझे काही गाळे भाड्याने आहेत. वरती लेथवाल्या भावांनी जे विचारलं ते माझे भाडेकरूही विचारतात. छप्पर पांढरं करायला, जुने काळवंडलेले फायबरचे पत्रे बदलून पॉलिकार्बोनेट टाकायला, टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्यावर फिरून गरम हवा बाहेर काढणारा) बसवायला माझी तयारी आहे. पण अकरा महिन्यांचा करार, पुढे भाडेकरू राहील की नाही ठाऊक नाही. त्याने तीन वर्षं राहायचं लिहून दिलं तर साहित्य माझं, मजुरी त्याची, आणि पहिल्या वर्षी भाडेवाढ नाही. हे रास्त आहे का?

---

उद्यमनगर_लेथ

दादा, मला रास्त वाटतं. माझ्या मालकांना हेच दाखवतो. मॅडम, करारात नेमकं काय लिहायचं?

---

ऊर्जा_ताराबाईपार्क

फार लांब नको. काय काम, कुणाचा किती खर्च, काम कधी पूर्ण, नंतरची देखभाल कुणाची. छपराचा रंग दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा लागतो आणि फायबरचे पत्रे दरवर्षी दिवाळीनंतर धुवावे लागतात, तेही त्यात घाला. भाडेकरू मुदतीआधी गेला तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात त्याची मजुरी मालकाने परत द्यायची, असं एक कलम ठेवा. तीन वर्षांचा करार नोंदणीकृत करून घ्या, वकिलाची एक नजर फिरू द्या.

रंगाचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. पत्रा कोरडा हवा, आधी गंज घासून प्रायमर, मग पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट दोन हात. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो घासू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असतं. तो ओला करून मऊ ब्रशने धुवा आणि मगच रंगवा. कामगाराला पत्र्यावर थेट पाय देऊ देऊ नका, फळी टाका आणि दोर बांधा.